गाडी धुणं आपलं, पॉलिश कारागिराचं

दसरा तोंडावर आला की सोसायटीच्या आवारात बादल्या निघतात आणि घरोघरी चर्चा सुरू होते: गाडी आपणच धुवायची की डिटेलिंगवाल्याकडे द्यायची?

माझं मत स्पष्ट आहे. धुणं आपलं, पॉलिश त्याचं.

गाडीच्या रंगावर पारदर्शक लेप असतो, क्लिअर कोट. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसाहूनही बहुधा कमीच. धुळीने माखलेलं बॉनेट कोरड्या फडक्याने खसाखसा पुसलं, की तेच कण लेपावर घासले जातात. उन्हात तिरकं पाहा, गोल गोल बारीक ओरखडे चमकताना दिसतील. म्हणून आधी नुसत्या पाण्याने धूळ उतरवावी. मग सावलीत, कार शाम्पू आणि मऊ मायक्रोफायबर कापड घेऊन टपापासून खाली यावं. चाकांना वेगळं कापड. पक्ष्याची विष्ठा दिसली तर रविवारची वाट पाहू नये. ओल्या कापडाने भिजवून लगेच अलगद उचलावी.

मशीनने पॉलिश करताना मात्र हाच लेप थोडा झिजवला जातो, तेव्हा ओरखडे जातात. तिथे सरावाचा हात हवाच. आणि कुणी दर वर्षी पॉलिशचा आग्रह धरला, तर सरळ नाही म्हणा. झिजलेला लेप परत येत नाही.

येत्या रविवारी दोन बादल्या घ्या, एक शाम्पूची, दुसरी कापड खळबळायला. मुलांनाही हाताशी घ्या.