सोवळे आणि शोषखड्डा

2 ऑक्टोबर 2019 रोजी साबरमतीच्या काठी ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. स्वच्छ भारत अभियानाच्या पाच वर्षांत दहा कोटींहून जास्त संडास बांधले गेले होते. त्याच सुमाराच्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) मात्र देशातली 19 टक्के कुटुंबे अजून उघड्यावर जात असल्याचे आढळले. आधीच्या पाहणीत, 2015-16 मध्ये, हे प्रमाण 39 टक्के होते. म्हणजे घोषणा फुगवलेली होती आणि काम खरोखर झाले होते. आपल्याकडे मात्र वाद घालणाऱ्याने यांतले एकच काहीतरी निवडावे असा दंडक आहे. तो वाद राजकारण्यांकडे सोडू. या अभियानाने एक वेगळाच प्रश्न दारात आणून ठेवला आहे आणि तो माझ्या मते धर्माचा आहे: खड्डा भरल्यावर तो उपसायचा कोणी?

सरकारने शिफारस केलेला संडास दोन शोषखड्ड्यांचा. मैला आधी एका खड्ड्यात जातो, विटांच्या जाळीदार बांधणीतून पाणी जमिनीत मुरते, घट्ट भाग आत राहतो. पाच-सहा माणसांच्या घराला असा खड्डा पाच-सहा वर्षे पुरतो. भरला की मधल्या कुंडीत वाट दुसऱ्या खड्ड्याकडे वळवायची आणि पहिला वर्ष-दीड वर्ष झाकून ठेवायचा. तेवढ्या काळात आत तयार होते ते कोरडे, भुसभुशीत, वास नसलेले खत. फावड्याने काढावे आणि शेतात टाकावे. फेब्रुवारी 2017 मध्ये तेलंगणातल्या गंगादेवीपल्ली गावात केंद्राचे पेयजल व स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः अशा खड्ड्यात उतरले आणि त्यांनी व इतर अधिकाऱ्यांनी ते खत हाताने बाहेर काढले. मोटारपंप खपवायला कोणी सचिव विहिरीत उतरत नाही. इथे उतरावे लागले, कारण लोकांना शंका तंत्राची नव्हती. उत्तर भारतातल्या खेड्यांचा अभ्यास करणाऱ्या डायेन कॉफी आणि डीन स्पीअर्स यांनी हेच दाखवले आहे: लोकांना छोटा खड्डा नको असतो, खोलीएवढी टाकी हवी असते, म्हणजे ती आपल्या हयातीत भरायला नको. तेवढी ऐपत नसेल तर शेतच बरे.

यावर पहिला आक्षेप गरिबीचा. पैसा नाही, पाणी नाही, जागा नाही, तिथे सोवळ्याओवळ्याचे तत्त्वज्ञान कशाला? पण 2015 च्या सुमारास आपल्यापेक्षा दरडोई उत्पन्न कमी असलेल्या बांगलादेशात उघड्यावर जाणाऱ्यांचे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आले होते, आणि तेही साध्या, स्वस्त खड्ड्याच्या संडासांवर. (तिथेही शहरांची सफाई पिढीजात हरिजन वस्त्यांकडेच आहे. तेव्हा देशाचा धर्म बदलला की प्रश्न सुटला, असे कोणी समजू नये.) दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: विष्ठेची किळस निसर्गाने दिलेली, ती जगभर आहे, तिला धर्म का चिकटवता? खरे आहे, आणि ती किळस रोगांपासून वाचवतेही. पण निसर्गाची किळस वासावर चालते, ओलाव्यावर चालते. ती जन्म पाहत नाही. ज्या घरात ताज्या शेणात कोपरापर्यंत हात घालून गोवऱ्या थापल्या जातात, चुलीपुढची जमीन सारवली जाते, त्याच घराला दीड वर्ष मुरलेले कोरडे खत उचलवत नाही. नाक इथे काही सांगतच नाही. सांगते ती एक शिकवण: हे काम ज्याने केले तो ‘तसला’ झाला. मैला उपसणाऱ्यांच्या सरकारी गणनेत 58,098 जण सापडले. त्यांतल्या ज्यांची जात नोंदली गेली, त्यांत अनुसूचित जातींचे लोक 97 टक्के होते. नैसर्गिक किळसेतून असा आकडा निघत नाही.

मग ही शिकवण धर्माची की धर्माच्या नावावर खपलेली? पतंजलीने शौच हा पहिला नियम सांगितला आणि त्याचे फळ काय, तर स्वतःच्या देहाबद्दल जुगुप्सा आणि इतरांच्या संसर्गापासून निवृत्ती. साधकापुरते हे समजण्यासारखे आहे. माझ्या शरीरातही घाण आहे हे ओळखले की देहाचा अहंकार गळतो. समाजाने मात्र यातला दुसरा अर्धा उचलला आणि पहिला सोडून दिला. जुगुप्सा स्वतःच्या देहाऐवजी तो देह धुणाऱ्या माणसाची वाटू लागली आणि संसर्ग टाळायचा तोही त्याचाच. परंपरेतल्याच काही माणसांनी हे उलटे केले. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घेत. कीर्तन रात्री, झाडलोट दिवसा, आणि पाया पडायला आलेल्याला जवळ फिरकू देत नसत. महाराष्ट्राने 2000 साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढले, चुरस लावली, बक्षिसे दिली, आणि पुढे पहाटे हागणदारीवर धाड घालणारी गुड मॉर्निंग पथकेही नेमली. बाबांनी स्वतःला लावलेला नियम आपण शेजाऱ्याला लावला.

आदराचेही तसेच होते. फेब्रुवारी 2019 मध्ये प्रयागराजच्या कुंभात पंतप्रधानांनी पाच सफाई कामगारांचे पाय धुतले. हेतूवर मी शंका घेत नाही. पण पाय धुतले तरी झाडू ज्याच्या हातात होता त्याच्याच हातात राहिला. याच्या शेजारी 1932 सालचा एक प्रसंग ठेवून पाहावा. रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धन या ब्राह्मण सत्याग्रहीने भंगीकाम मागितले. ते जातीवरूनच वाटले जाई, म्हणून नाकारले गेले. त्यांनी अन्न सोडले आणि येरवड्यात गांधीजींनीही उपास आरंभला. पुढे कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेबांनी आयुष्याचा मोठा भाग स्वस्त संडास आणि मैलाखत यांत घातला. अर्थात इथे आंबेडकरांचा आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळता येणार नाही: सफाईला पवित्र ठरवणे म्हणजे तिच्यात अडकलेल्याला तिथेच राहण्याची गोड शिक्षा. सवर्णाने हौसेने उचललेले काम तो उद्या सोडू शकतो, दुसऱ्याला सोडता येत नाही. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच गौरवाची भाषा नकोच. स्वतःच्या घरचा खड्डा स्वतः उपसण्यात पुण्य नाही, त्याग नाही, फोटो काढण्यासारखेही काही नाही. जेवल्यावर आपले ताट आपण घासावे तेवढेच ते आहे.

उरला यंत्रांचा मुद्दा. गटारात माणूस उतरू नये यासाठी यंत्र आधी यावे, मने बदलण्याची वाट पाहू नये. मैला उपसायला माणसे लावण्यावर बंदी घालणारा 2013 चा कायदा झाल्यावरही गटारांतले मृत्यू थांबले नाहीत, म्हणून सर्वोच्च न्यायालयाला 2023 मध्ये भरपाई 10 लाखांवरून 30 लाख करावी लागली. पण खेड्यात यंत्र म्हणजे सेप्टिक टँक उपसणारा टँकर, आणि प्रक्रियेची सोय नसली की तो गावाबाहेरच्या ओढ्यात रिकामा होतो. स्पर्श टळला, घाण मात्र दुसऱ्याच्या पाण्यात गेली. सोवळ्याची जुनीच पद्धत, फक्त डिझेलवर. दोन शोषखड्ड्यांना या टँकरची गरजच पडत नाही. 2015 ते 2019 या काळात बांधलेले असे खड्डे आता एकेक करून भरत आहेत, आणि फावडे बहुतेक घरांत आहेच.