मन बदलण्याचा आकार

मन फार चंचल असते, असे साधुसंतांनी आपल्याला पुन्हा पुन्हा सांगितले आहे. त्याला आवरावे कसे, हेही सांगितले आहे. मात्र ते बदलले तर दर खेपेला किती रुपये पडावेत, हे त्यांच्यापैकी कोणी सांगून ठेवलेले नाही. ही उणीव विमान कंपन्यांनी भरून काढली. मंगळवारचे जाणे शुक्रवारवर ढकलायचे असेल तर तीन हजारांच्या आसपास आकार, आणि शुक्रवारचे भाडे जास्त असेल तर वरचा फरक निराळा. शुक्रवारचे भाडे कमी असेल तर? तसे कधी झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

तुम्ही म्हणाल, वागळे इस्टेटीतल्या बँकेत काउंटरवर बसणाऱ्या माणसाला विमानाच्या तिकिटांची उठाठेव हवी कशाला? प्रश्न रास्त आहे. मी विमानात बसलो ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच, आणि तेही एल.एफ.सी. वाया जाऊ नये म्हणून. पण वागळे इस्टेट ही जागाच तशी आहे. एम.आय.डी.सी.ने साठच्या दशकात वसवलेली ही पहिली औद्योगिक वसाहत. इथल्या बहुतेक रस्त्यांना नावांऐवजी नंबर आहेत, त्यामुळे माणसे पत्ता सांगताना पाढे म्हटल्यासारखी बोलतात. जुन्या कारखान्यांपैकी कितीतरी गेले, त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. रोड नंबर बावीसवर पासपोर्टचे केंद्र आहे. रिक्षातून उतरून, छातीशी प्लॅस्टिकची फाइल धरून, ‘जन्मदाखल्यावर आईचं नाव बरोबर आहे ना गं?’ असे विचारणारी माणसे रोज दिसतात. थोडक्यात, निम्मी इस्टेट यंत्रावर असते आणि निम्मी हवेत.

हवेतल्यांपैकी एक आमचे खातेदार आहेत. व्हॉल्व्ह बनवतात. त्यांचा माल कोइमतूरला जातो, आणि तिथल्या कारखान्यात तो बसवला की चाचणीला यांनी जातीने हजर राहायचे असा रिवाज आहे. तिथला मॅनेजर कारखान्याच्या शटडाऊनची तारीख ठरवतो, शेठ तिकीट काढतात, मग मॅनेजर तारीख बदलतो. शेठनी एक छोटी वही केली आहे. तिच्यात डाव्या बाजूला मूळ भाडे, उजव्या बाजूला बदलाचा आकार. गेल्या दिवाळीपासून उजवी बाजू डावीच्या पुढे गेली आहे. ‘साहेब, मी प्रवास करतो त्यापेक्षा न केलेल्या प्रवासाचे पैसे जास्त भरतो,’ असे ते मला सांगतात. एकदा तर आकार आणि फरक मिळून नवे तिकीट स्वस्त पडत होते. त्यांनी जुने सोडून दिले आणि नवे काढले.

अशाच एका महिन्यात ते मुदत ठेव मोडायला आले. मी नियमाप्रमाणे सांगितले, ‘शेठ, अजून सात महिने आहेत. आत्ता मोडलीत तर व्याज एक टक्का कमी मिळेल.’

शेठनी चष्मा काढला. ‘म्हणजे तुम्हीसुद्धा विमान कंपनीच की हो!’

मागे रांग होती. अलीकडे आम्हा क्लार्कांना ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणतात, त्यामुळे रागावता येत नाही. पण उत्तर देणे भाग होते. मी म्हटले, ‘शेठ, आम्ही एक टक्का व्याज कापतो. मुद्दल परत देतो. विमान कंपनीच्या रीतीने चाललो असतो तर म्हणालो असतो, ठेव मोडलीत, मुद्दल बँकेचं झालं, हा घ्या तुमचा कापलेला टी.डी.एस.’

यात विनोद फारसा नाही. स्वस्तातले तिकीट रद्द केले तर पुष्कळदा हाती कर तेवढेच येतात. आणि ते तरी येतात याचे कारण नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१६ साली बजावून ठेवले की, तिकीट परताव्याचे नसले, प्रवासी विमानतळावर फिरकला नसला, तरी सरकारी कर आणि विमानतळाचे शुल्क त्याला परत द्यावेच लागेल. शिवाय रद्द करण्याचा आकार मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असता कामा नये. म्हणजे कंपनीने तुमचे सगळे घ्यावे, पण सगळ्यापेक्षा जास्त घेऊ नये. दयेचीही सीमारेषा कुठेतरी आखावी लागतेच.

आमचे हेडकॅशियर मात्र कंपन्यांच्या बाजूचे. त्यांचे म्हणणे सोडून देण्यासारखे नाही. ते म्हणतात, विमानातली खुर्ची ही कोथिंबिरीच्या जुडीसारखी आहे. विमान उडाले की तिची किंमत शून्य. तुम्ही ती धरून ठेवलीत, दुसऱ्याला मिळू दिली नाहीत, आणि आयत्या वेळी नको म्हणालात. नुकसान कोणी सोसायचे? शिवाय जो कधीच तारीख बदलत नाही त्याला स्वस्त तिकीट मिळते ते बदलणाऱ्यांच्याच जिवावर. आणि शब्द दिला तो दिला. कार्यालय ठरवून लग्न पुढे ढकलले तर कार्यालयवाला अनामत परत देतो का? केटरर तीनशे पाने मोजून घेतो, मग वऱ्हाड दोनशेच आले तर तो बिल कमी करतो का?

पटण्यासारखे आहे. पण किसननगरच्या बाजारात रोज संध्याकाळी कोथिंबीर घेत असल्यामुळे मला त्यात एक खोच दिसते. भाजीवाली संध्याकाळ झाली की जुडी स्वस्त करते. विमानवाला संध्याकाळ झाली की महाग करतो. मी आठ दिवस आधी परत केलेली खुर्ची तो पुढच्या माणसाला बहुधा चढ्या भावाने विकतो; आणि माझ्याकडून नुकसानीचा आकारही घेतो. मी कॉमर्सचा पदवीधर आहे. दुहेरी नोंद पद्धतीत प्रत्येक नावेला एक जमा असते, हे आम्हाला पहिल्याच तासाला शिकवले. एकाच खुर्चीला दोन जमा आणि नावे शून्य, हे मला कोणी शिकवले नाही. शिवाय काही माणसे येणार नाहीत हे गृहीत धरून खुर्च्यांपेक्षा जास्त तिकिटे विकायची चाल जगभर आहे. म्हणजे ती जुडी आधीच दोघांना विकलेली असू शकते.

बी.कॉम.ला मर्कंटाइल लॉ नावाचा विषय होता. त्यातली दोनच कलमे मला आठवतात, पैकी एक हे: भारतीय करार कायदा १८७२, कलम ७४. करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी असे लिहून ठेवलेले असले, तरी दुसऱ्या पक्षाला मिळायची ती वाजवी भरपाई. लिहिलेली रक्कम ही फक्त तिची कमाल मर्यादा. पुढे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणारा करार हा अन्याय्य करारांत धरला. आता कंपनीचे वकील म्हणतील, हा दंड नाहीच. ही सेवा आहे. तुम्हाला तारीख बदलू दिली, त्या सेवेचा आकार. वकिलांपुढे कॉमर्सवाल्याने बोलू नये. पण बँकांनाही एके काळी असेच वाटत होते. गृहकर्ज लवकर फेडणाऱ्याकडून आम्ही आकार घेत असू. कर्ज फेडले म्हणून दंड! २०१२ साली रिझर्व्ह बँकेने बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर तो बंद केला. बँका बुडाल्या नाहीत. अमेरिकेत युनायटेड, डेल्टा आणि अमेरिकन या तीन मोठ्या कंपन्या देशातल्या प्रवासाची तारीख बदलायला दोनशे डॉलर घेत असत. २०२० साली करोनाने विमाने रिकामी पडली, तेव्हा ऑगस्टअखेरच्या दोन दिवसांत तिघींनी बहुतेक तिकिटांवरचा तो आकार काढून टाकला. अगदी स्वस्त तिकिटे त्यातून वगळली, हेही सांगितले पाहिजे. पण गिऱ्हाईक येईनासे झाल्यावर जो आकार सोडता येतो, तो नुकसान भरून काढण्यासाठी होता, असे मानायला माझे हिशेबी मन तयार नाही.

बरे, मन काय एकट्या प्रवाशाचेच बदलते? आपल्याकडे इसार देण्याची पद्धत आहे. तशी ती रोमन लोकांतही होती. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने कायदा लिहवून घेतला, त्यात खरेदीदाराने माघार घेतली तर इसार बुडाला. पण विकणाऱ्याने माघार घेतली तर त्याने दुप्पट परत करायचा. मला हा हिशेब फार आवडतो. आता आपला पाहा. कंपनीने आयत्या वेळी विमान रद्द केले, तर महासंचालनालयाच्या नियमाप्रमाणे परतावा किंवा दुसरे विमान, आणि वर उड्डाणाच्या वेळेनुसार पाच, साडेसात किंवा दहा हजारांची भरपाई ठरली. पण ‘किंवा मूळ भाडे अधिक इंधन अधिभार, यांपैकी जे कमी असेल ते.’ कारण आवाक्याबाहेरचे असेल तर तीही नाही. कारणे आवाक्याबाहेर ठेवणे फारसे अवघड नसते. २०२५ च्या डिसेंबरात, वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर इंडिगोची उड्डाणे हजारोंनी रद्द झाली, तेव्हा अडकलेल्या प्रवाशांकडून तारीख बदलण्याचा आकार घेऊ नका, हे सरकारला बजावून सांगावे लागले. बजावले नसते तर काय झाले असते, याची कल्पना करून मी काही वेळ काउंटरवर स्वस्थ बसलो.

पण मला खटकते ते पैशापेक्षा थोडे निराळे आहे. आकाराच्या मागे एक समजूत आहे की, तारीख बदलणारा माणूस लहरी असतो. मी आमच्या खातेदारांना, शेजाऱ्यांना विचारून पाहिले. लहर म्हणून तारीख बदललेला एकही माणूस मला भेटला नाही. लहरीपणा परवडायला आधी पैसा लागतो, आणि ज्यांच्याकडे तो असतो ते बदलाची मुभा असलेलेच महाग तिकीट काढतात.

आमच्या मजल्यावर नागपूरची एक मुलगी भाड्याने राहते. अठ्ठावीस नंबरच्या रस्त्यावर कुठल्याशा कंप्युटर कंपनीत नोकरी. चुलतभावाच्या लग्नासाठी तिने तीन महिने आधी, स्वस्तात स्वस्त असे तिकीट काढून ठेवले होते. लग्नाला पंधरा दिवस असताना वडिलांना छातीत दुखू लागले. तिने तिकीट अलीकडे ओढून दुसऱ्या दिवसाचे करायला घेतले. आकार भरला, फरक भरला. आमची ही तिची बॅग भरत होती. रात्री अकराला फोन आला: हृदयाचे काही नाही, पित्त होते, घरी सोडले, तू धावत येऊ नकोस, लग्नालाच ये. आमच्या स्वयंपाकघरात उभी राहून ती आधी रडली, मग हसली, आणि मग पुन्हा मोबाइल घेऊन बसली. तिकीट परत लग्नाच्या तारखेवर न्यायचे होते. पुन्हा आकार.

‘काका,’ ती मला म्हणाली, ‘एकदा वाईट बातमीचे भरले आणि एकदा चांगल्या बातमीचे.’

ही म्हणाली, ‘चांगल्या बातमीचे पेढे आणतात, तसं समज.’ पण मला रात्री झोप लागेना. त्या मुलीने मन कुठे बदलले होते? तिचे मन पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जागी होते, नागपुरात. जगात जिचे कोणी नाही, जिला कोणी बोलावत नाही, तिचे तिकीट कधी बदलायचे नाही. ती कंपनीची आदर्श प्रवासी. आणि आपण हाच गुण मुलांना शिकवतो की, बोलावले की जा, कोणी आजारी पडले की हातातले टाकून धाव. त्या गुणावर दर खेपेला तीन हजार.

यावर कंपन्यांचा तोडगा आहे. तिकीट काढतानाच थोडे जास्त भरा आणि तारीख बदलण्याचा हक्क विकत घ्या. त्या मुलीच्या भावाने पुढच्या वेळी तसे केले. वडिलांना समजल्यावर ते दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. ‘मी पुन्हा पडणार, असं धरूनच चालला आहेस तर!’ बिचाऱ्याने आठशे रुपयांत बापाचे आयुष्य कमी धरले. न भरावे तर निष्काळजी, भरावे तर अभद्र.

रेल्वेलाही या बाबतीत काही पुण्य चिकटलेले नाही. २०१५ च्या नोव्हेंबरात तिनेही रद्द करण्याचे दर दुप्पट केले. पण तिच्या जुन्या नियमांत एक फार माणसाळलेला नियम आहे. तुम्हाला जाता आले नाही तर चोवीस तास आधी अर्ज करून तेच आरक्षण आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा किंवा बायको यांच्या नावावर करता येते. तो लिहिणारा कारकूनच असणार, आणि त्याच्या घरी पाहुण्यांची वर्दळ असणार. विमान कंपनी मात्र तुम्हाला सख्ख्या भावालाही तिकीट देऊ देत नाही. तिच्या लेखी प्रवाशाला आडनाव असते, घर नसते.

शेठनी आपल्यापुरता मार्ग काढला. त्यांनी कोटेशनच्या तळाला एक ओळ छापून घेतली: ‘चाचणीची तारीख आपल्याकडून बदलल्यास विमान तिकिटाचा आकार आपणाकडून घेतला जाईल.’ मला मोठ्या अभिमानाने दाखवली. कोइमतूरने निमूटपणे मान्यही केली. दोन महिने एकही तारीख हलली नाही. तिसऱ्या महिन्यात हलली. शेठनी बिल तयार केले, सही केली, आणि पाठवण्याआधी रीत म्हणून मॅनेजरला फोन लावला. मॅनेजरची आई गेली होती.

परवा ते बँकेत आले तेव्हा मी विचारले, ‘मग बिल?’

‘फाडलं. तीन हजार दोनशे. आमचा अकाउंटंट विचारतो, साहेब, कुठल्या खात्यात टाकू?’

‘तुम्ही काय सांगितलंत?’

‘किरकोळ,’ शेठ म्हणाले, आणि पासबुक पुढे सरकवले.