सवय असते त्यांना

भाईंदर स्टेशन सोडून गाडी वसईच्या खाडीवरील पुलावर आली, की डब्यातील माणसे क्षणभर बाहेर पाहतात. काठाला तिवरांची दाट हिरवी रांग असते. ओहोटीच्या वेळी चिखलातून वर आलेली त्यांची श्वसनमुळे दिसतात. भरतीला तीच झाडे खाऱ्या पाण्यात अर्धी बुडून उभी असतात. वर्षानुवर्षे हा प्रवास करणाऱ्या आम्हां लोकांनी या झाडांविषयी मनाशी एक निकाल केव्हाच देऊन टाकला आहे : तिवराला खारे पाणी मानवते, ते तिथेच वाढायचे, त्याला त्याची सवय असते.

हेच वाक्य आम्ही माणसांविषयीही वापरतो, हे ध्यानात यायला मात्र आम्हांला बराच उशीर लागला. पुष्कळ वर्षांपूर्वी घराचे काम काढले होते आणि विटा पाहण्यासाठी आम्ही एका भट्टीवर गेलो होतो. एप्रिलची दुपार. दिवाळी आटोपली, की जव्हार-मोखाड्याकडील आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर येतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात, हे वसईकर वाचकांना ठाऊकच आहे. एक बाई डोक्यावर विटांची चळत घेऊन अनवाणी पायांनी जा-ये करीत होती. बाजूला दोन बांबूंना लुगड्याची झोळी बांधून तिचे मूल निजवले होते. आमच्यासोबतचे गृहस्थ म्हणाले, "एवढ्या उन्हात कसे करतात हो हे लोक?" आम्ही उत्तर दिले, "सवय असते त्यांना." त्या उत्तरात दुष्टावा नव्हता, थोडेसे कौतुकच होते. त्या कौतुकाविषयीच येथे लिहावयाचे आहे, परंतु त्यासाठी आधी तिवराकडे परत जाणे भाग आहे.

हिरवे पान सूर्यप्रकाशात हवेतील कार्बन डायऑक्साइड व मुळांनी आणलेले पाणी यांपासून साखर तयार करते आणि प्राणवायू बाहेर सोडते. शाळेत याला आपण प्रकाशसंश्लेषण म्हणून पाठ केले. जोसेफ प्रिस्टले यांनी १७७१ साली पुदिन्याची डहाळी काचेच्या भांड्याखाली ठेवून पाहिले, तेव्हा मेणबत्ती जळून बिघडलेली हवा तिने पुन्हा सुधारल्याचे त्यांना आढळले. हे काम वनस्पतीचे केवळ हिरवे भाग आणि तेही केवळ उजेडातच करतात, हे १७७९ साली यान इंगेनहाउझ यांनी दाखवून दिले. इतके सर्वांना माहीत असते. पाठ्यपुस्तकात ज्यावर फारसा भर नसतो, ते या व्यवहाराचे मोल. कार्बन डायऑक्साइड आत घ्यावयाचा तर पानाला आपली सूक्ष्म रंध्रे उघडावी लागतात, आणि ती उघडली की आतले पाणी वाफ होऊन निसटते. कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूपाठी सामान्य झाड पाण्याचे शेकडो रेणू गमावते. ते पाणी पुन्हा खालून ओढावयाचे.

आता खाली जे पाणी आहे, तेच खारे असले तर? समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तिवराची मुळे त्यांतील बहुतेक क्षार बाहेरच अडवतात. जे चुकून आत शिरतात ते पानांवरील ग्रंथींतून बाहेर टाकले जातात. कोरड्या दिवसांत दुपारी तिवराचे पान जिभेला लावून पाहावे, खारट लागते. या सगळ्यासाठी शक्ती खर्च होते. शिवाय पाणी जपून वापरावे लागत असल्यामुळे झाड रंध्रे आखडून धरते, आणि रंध्रे आखडली की साखरही कमी बनते. डोक्यावर लख्ख ऊन असूनही तिवर हात राखून जेवते. म्हणून ते सावकाश वाढते.

मग ते तिथे का राहते? रोपे निरनिराळ्या खारेपणाच्या पाण्यात वाढवून अभ्यासकांनी याचा शोध घेतला आहे. तिवराची रोपे सर्वांत जोमाने वाढली ती समुद्राच्या निव्वळ पाण्यात नव्हे, तर गोडे पाणी घालून खूप सौम्य केलेल्या पाण्यात. कांदळवनातील काही जाती तर गोड्या पाण्यातही वाढतात. म्हणजे खारेपणा त्यांना सोसतो, एवढेच खरे. गोड्या काठावर मात्र गर्दी असते. तिथली गवते, झुडपे आणि झाडे मिठावर काहीच खर्च करीत नाहीत. ती भराभर वाढतात आणि उजेड अडवतात. सावलीत तिवराच्या रोपाचा निभाव लागत नाही. जिथे दुसरे कोणी उभे राहू शकत नाही, तिथेच त्याला मोकळा उजेड मिळतो. (हे एकमेव कारण नव्हे. भरतीचे पाणी बी कुठवर नेते, खेकडे कोणती रोपे खातात, यांवरही पुष्कळ अवलंबून असते.)

या विचाराला भक्कम पुरावा मिळाला तो स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर. समुद्रकाठच्या खडकांना चिकटलेले, पायाला कापणारे, पांढुरक्या कवचाचे जीव आपण पाहतो. त्यांना बार्नॅकल म्हणतात. तेथे त्यांच्या दोन जाती. एक खडकाच्या वरच्या भागात, जिथे ओहोटीत तासन्तास कोरडे राहावे लागते. दुसरी खाली, ओलाव्यात. पाहणाऱ्याला वाटावे, ज्याची त्याची आवड. जोसेफ कॉनेल या अमेरिकन शास्त्रज्ञाने खालच्या भागातील काही जागांवरून दुसऱ्या जातीचे जीव काढून टाकले आणि वाट पाहिली. वरची म्हणून ओळखली जाणारी जात त्या मोकळ्या जागांत चांगली जगली. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनातून स्पष्ट झाले ते असे, की खालची जात वर जाऊ शकत नाही, कारण तिला कोरडेपणा सोसत नाही. वरची मात्र खाली राहू शकते, पण खालची जात तिच्या अंगावर वाढून तिला चिरडते, उखडून टाकते. म्हणजे जिला अधिक सोसते, तिच्या वाट्याला वाईट जागा आली होती.

येथे कोणी म्हणेल, हा तर निसर्गाचा नियमच झाला. बलवानाने चांगली जागा घ्यावी. हा आक्षेप हलका नाही. निसर्गातून नीतीचे धडे काढू गेल्यास कोणताही धडा निघू शकतो, आणि बहुधा काढणाऱ्याच्या सोयीचाच निघतो. म्हणून निसर्गाकडून आम्ही आज्ञा घेत नाही. घेतो ती केवळ एक चूक सुधारून : कोण कुठे राहतो यावरून त्याला कुठे राहणे आवडेल, हे ठरविता येत नाही. 'सोसते' यावरून 'आवडते' आणि 'आवडते' यावरून 'तेच योग्य' असे आम्ही एका श्वासात म्हणून जातो. भट्टीवर आम्ही नेमके तेच केले होते.

उलट बाजूची चूकही तितकीच सहज होते. तिवराला सौम्य का होईना, थोडा खारेपणा लागतो. अगदी गोड्या पाण्यात ते तितके खुलत नाही. पिढ्यान्पिढ्यांच्या वास्तव्याने ती जागा त्याच्या अंगात मुरली आहे. त्याची दया येऊन कोणी त्याला बागेत नेऊन लावले, तर ते उपकार ठरतील असे नाही. कोळीवाड्यातील कुटुंबाला समुद्रापासून दूर पक्क्या इमारतीत नेऊन ठेवणारा आणि 'सवय असते त्यांना' म्हणणारा, या दोघांत आम्हांला फारसे अंतर दिसत नाही. दोघेही विचारीत नाहीत. झाडाला विचारता येत नाही, ही अडचण खरी आहे. माणसाबाबत ती सबब नाही.

परंतु केवळ विचारून भागते का? कॉनेलने वरच्या जातीला काही विचारले नव्हते. त्याने खालची जागा मोकळी केली होती. आपल्या प्रश्नात ती जागा कोणी व्यापली आहे, हे पाहू गेल्यास मान खाली घालावी लागते. मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात आहे आणि त्याचे पाणी मुंबईला जाते. वसई-विरारच्या नळांना येणारे पाणी सूर्या प्रकल्पाचे, जव्हारच्या बाजूचे. त्याच मोखाड्यात उन्हाळ्यात पाड्यांना टँकरने पाणी पुरवावे लागते. उन्हाळी पीक घेण्यासाठी पाणी नसलेला माणूस पावसाळ्याच्या अखेरीस मालकाकडून उचल घेतो आणि दिवाळीनंतर ती फेडण्यासाठी भट्टीवर येतो. आम्ही त्याच्या सोशिकपणाचे कौतुक करतो, ते त्याच्या डोंगरातून आलेले पाणी पिऊन.

पावसाच्या तोंडावर भट्ट्या बंद होतात आणि ही कुटुंबे भात-नागलीच्या लावणीसाठी वर जातात. त्यांची आवड कुठे आहे याचा हा पुरावा समजावा, असे आम्हांला पूर्वी वाटे. पण पावसात भट्टी चालतच नाही. तेव्हा त्यावरून काही सिद्ध होत नाही. बाराही महिने त्यांच्या शेताला पाणी मिळाले असते आणि तरीही ती खाली आली असती, तर काही म्हणता आले असते. तसा प्रयोग अजून कोणी पुरा करून पाहिलेला नाही.

त्या बाईंना आम्ही त्या दिवशी काहीच विचारले नाही. विटा मोजून घेतल्या, पैसे चुकते केले आणि निघालो. त्या विटांची भिंत अजून धड आहे. दुपारी तिच्या सावलीत बरे वाटते. हा मजकूरही आम्ही तिथेच बसून लिहिला.