तोल सरकणे आणि तोल बदलणे

हवामानबदलाच्या चर्चेत हल्ली एक दिलासा वारंवार दिला जातो: निसर्ग आपला तोल आपणच सांभाळतो. बोलणारा विज्ञान शिकलेला असेल, तर तो ल शातेलिएचे नावही पुढे करतो. समतोलात असलेल्या प्रणालीत बदल केला की ती त्या बदलाला विरोध करते, हे वाक्य कॉलेजात पाठ झालेले असते. तेव्हा समुद्रही तापमानवाढीला विरोध करीलच, असा त्याचा निष्कर्ष. तापमानवाढ हे थोतांडच आहे म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. ही समजूत मात्र मला अधिक घातक वाटते, कारण ती रसायनशास्त्राच्या आधाराने बोलते.

त्या पाठ वाक्यात संहती, दाब आणि तापमान एकाच पंक्तीला बसवलेले असतात, आणि खोट नेमकी तिथे आहे. अमोनियाचे उदाहरण घ्या. थळच्या खत कारखान्यात नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून तो तयार होतो तेव्हा उष्णता बाहेर पडते. दाब वाढवला की अमोनिया वाढतो. पण समतोल स्थिरांक जवळजवळ होता तिथेच राहतो. तापमान 25 अंशांवरून 400 अंशांवर नेले की तोच स्थिरांक अब्जाहून अधिक पटींनी लहान होतो. तरीही कारखाना तापवावाच लागतो, कारण थंडीत अभिक्रिया पुढे सरकतच नाही. पण तो वेगाचा प्रश्न झाला, समतोलाचा नव्हे. दाबाने तोल सरकतो, तापमानाने तोल ठरवणारा आकडाच बदलतो. व्हान्ट हॉफने हे नाते 1884 मध्येच मांडले होते.

आता समुद्राकडे वळू. सोड्याची कोमट बाटली उघडली की ती फसफसून उतू जाते, गार बाटली बरीच शांत असते. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळताना उष्णता सोडतो, म्हणून पाणी तापले की तो बाहेर पडू लागतो. शून्य अंशाच्या पाण्यात तो जितका मावतो, त्याच्या निम्माही 25 अंशांच्या पाण्यात मावत नाही. वायू सुटताना थोडी उष्णता शोषली जाते, म्हणजे पाठ केलेला नियम अक्षरशः पाळला गेला! पण ती उष्णता एकदाच शोषली जाते, आणि तीही किरकोळ. हवेत गेलेला वायू मात्र वर्षानुवर्षे उष्णता अडवत राहतो. ज्याला विरोध म्हणून मिरवले, त्यानेच तापमानवाढीला हातभार लावला.

आपण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण चौथा हिस्सा समुद्र आज शोषतो, हे मला मान्य आहे. (हवेतला हा वायू समुद्रातूनच वाढला, हा दावा एवढ्यावरच निकालात निघतो.) पण समुद्र तो शोषतो, याचे कारण आपण हवेत त्याचा दाब वाढवला. म्हणजे हे तोल सरकणे झाले. त्याच वेळी पाणी तापत आहे आणि त्यात या वायूची विद्राव्यता घटत आहे; हे तोल बदलणे. पहिल्याचा दाखला देऊन दुसऱ्याबद्दल निश्चिंत होणे, ही या दिलाशाची मूळ चूक आहे. समुद्रातली क्षारद्रव्ये, प्रवाह, सूक्ष्मजीव यांमुळे हिशेब गुंतागुंतीचा होतो खरा, पण हा भेद पुसला जात नाही.

तापलेले पाणीही समतोल गाठेल, यात शंका नाही. तो समतोल नव्या तापमानाचा असेल. जुना स्थिरांक परत हवा असेल तर तापमानच खाली आणावे लागेल. दाब किंवा संहती बदलून तो परत येत नाही.