पाचोळ्याची नियत

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्टीत पावसाळ्याआधी जागोजाग धूर दिसतो. तो राबाचा धूर. भात-नागलीची रोपे जिथे वाढवायची, त्या तुकड्यावर शेण, ऐनाच्या छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा आणि गवत यांचे थर रचून वर माती पसरतात आणि पेटवतात. आचेने तणाचे बी मरते, राखेतून पालाश मिळते, रोप जोमाने येते. गावातल्या अंगणांतूनही असाच धूर निघतो. तिथे झाडून गोळा केलेली आंब्याची पाने जळत असतात.

प्रश्न असा आहे, की ही दोन्ही कृत्ये एकच आहेत काय?

इंग्रजांच्या वनखात्याला राब म्हणजे जंगलाची नासाडी वाटे. ठाणे-कुलाब्यातल्या रयतेच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की १८८५ साली मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. आजही उपदेश सर्वांत आधी डोंगरावरच्या माणसालाच होतो. वास्तविक त्याच्या पाल्याचे पानही वाया जात नाही. बायांनी डोक्यावरून वाहिलेल्या त्या भाऱ्यांवर घराचे वर्षाचे अन्न अवलंबून असते. अंगणातला पाला मात्र केवळ नजरेसमोर नको म्हणून जळतो. आम्ही ज्याला इस्राफ म्हणतो, तो याहून वेगळा काय असतो?

अर्थात नियत चांगली म्हणून धूर हलका होत नाही. राब जळताना पाल्यातले बरेचसे नत्र हवेत जाते आणि ऐन बोडका होतो. म्हणून दुसरी वाट सांगायलाच हवी. पण ज्याच्या पोटाचा प्रश्न त्या पाल्यावर अवलंबून नाही, त्याने ती आधी स्वतः चालून दाखवावी.

वाट अवघड नाही. कोरड्या पाल्याचे दोन-तीन भाग, हिरव्या गवताचा एक भाग, मधूनमधून शेण आणि माती. ओल पिळलेल्या फडक्याइतकी. अधूनमधून ढीग वरखाली करावा. इथल्या मुसळधार पावसात खड्ड्यात पाणी साचते आणि पाला कुजण्याऐवजी सडून घाण सुटते. म्हणून ढीग जमिनीवर, आडोशाला, पेंढ्याच्या छपराखाली असावा. काही महिन्यांत काळे, भुसभुशीत खत तयार होते आणि ज्या झाडाने पाने दिली, त्याच्याच बुंध्याशी ते परत जाते.

जमीन आमच्याकडे अमानत आहे, असे आम्ही मानतो. अमानत राखण्याची सुरुवात दुसऱ्याच्या शेतातून होत नसते. ती आपल्या उंबऱ्याबाहेरच्या चार हात जागेतून होते. गरजेने पेटवणाऱ्याला जाब विचारण्याआधी सवयीने पेटवणाऱ्याने हातातली काडी खाली ठेवावी.