हॅनफर्डचे यंत्र, दुधाळ्याची जमीन

औंढा नागनाथजवळच्या दुधाळा शिवारात चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची वेधशाळा उभी राहायची आहे. दूर अंतराळात दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली, तर त्या धक्क्याची गुरुत्वीय लहर ती टिपेल. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने या ‘लायगो-इंडिया’साठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. हिंगोलीकरांना तिचा अभिमान वाटतो, वाटायलाच हवा. पण तिच्या यंत्रांचे मूळ गावही आपण मुलांना सांगितले पाहिजे.

ही यंत्रे आधी अमेरिकेतल्या हॅनफर्डला बसायची होती. तिथल्या वेधशाळेसाठी ठरलेला दुसरा संच पुढे भारताला द्यायचे ठरले. १९४३ साली याच हॅनफर्ड आणि शेजारच्या व्हाइट ब्लफ्सच्या शेतकऱ्यांना महिनाभरात घरदार सोडायला लावले होते. कशासाठी, ते त्यांना कोणी सांगितले नाही. मग कोलंबिया नदीकाठी अणुभट्ट्या पेटल्या आणि त्यांतल्या प्लुटोनियमने ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकी बेचिराख झाले. त्या भट्ट्या केव्हाच विझल्या. मागे राहिला १७७ भूमिगत टाक्यांमधला सुमारे २१ कोटी लिटर किरणोत्सारी कचरा. तो निस्तरण्याचे काम आजही चालू आहे. जमीन गेलेल्या माणसाचे दुःख मराठवाड्याला वेगळे समजावून सांगायला नको.

आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. तुर्भ्याची ‘सायरस’ अणुभट्टी कॅनडाच्या मदतीने, शांततेच्या कामासाठी म्हणून उभारली गेली. १९७४ च्या पोखरण स्फोटाचे प्लुटोनियम तिच्यातूनच आले. सरकारने त्या स्फोटाला शांततामय म्हटले; मला तो दिलेला शब्द मोडणे वाटते. त्यानंतरच अणुपुरवठादार देशांनी गट बांधला आणि अणुसामग्रीच्या व्यापारावर कडक अटी घातल्या. त्या अटींचा जाच आपल्याच शास्त्रज्ञांनी २००८ पर्यंत सोसला.

१९६८ चा अण्वस्त्रप्रसारबंदी करार पाच देशांना बॉम्ब ठेवू देतो आणि इतरांना मनाई करतो. तो पक्षपाती आहे, हा भारताचा आक्षेप खराच आहे. पण रासायनिक अस्त्रांचा करार सर्वांना एकच नियम लावतो. त्यावर आपण १९९३ मध्ये सही केली, आपला साठा जाहीर केला, आंतरराष्ट्रीय निरीक्षकांना दारात येऊ दिले आणि २००९ मध्ये तो साठा पूर्ण नष्ट केला. त्याने आपल्या सीमा उघड्या पडल्या नाहीत. अणुचाचणीबंदीच्या १९९६ च्या करारातही चाचणीची मनाई सर्वांना सारखीच आहे. १९९८ नंतर आपण स्वतःहून एकही चाचणी केलेली नाही. जे पाळतोच आहोत, ते लिहून द्यायला आपण का कचरतो? स्वतः सही न करता शेजाऱ्याला कोणत्या तोंडाने सांगणार?

हा दिल्लीचा विषय आहे, आपला नाही, असे म्हणू नका. नर्सीचे संत नामदेव पंजाबात घुमानला जाऊन राहिले. ते घुमान गुरदासपूर जिल्ह्यात आहे आणि त्या जिल्ह्याची हद्द पाकिस्तानला भिडते. युद्ध पेटले तर पहिली झळ तिथे लागेल. ९ ऑगस्ट आपल्याकडे क्रांतिदिन म्हणून पाळतात. त्या दिवशी जिल्ह्यातल्या शाळाशाळांत नागासाकीचीही गोष्ट सांगावी, आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत दुधाळ्याने पहिला ठराव करावा: भारताने चाचणीबंदी करारावर सही करावी.