पदक कुणाचं?

१८९६, अथेन्स. पहिल्या आधुनिक ऑलिम्पिकमध्ये आल्फ्रेड फ्लाटो पॅरलल बारवर पहिला आला. (तेव्हा पहिल्याला रौप्यपदकच मिळायचं!) सांघिक विजयात चुलतभाऊ गुस्ताव्हही होता. जर्मनीच्या जिम्नॅस्टिक संघटनेचा जायलाच विरोध होता, तरी हे जर्मनीसाठी खेळले.

दोघेही ज्यू. नाझींनी दोघांनाही थेरेझिनश्टाटच्या छावणीत डांबलं. आल्फ्रेड १९४२ मध्ये तिथेच गेला, गुस्ताव्ह १९४५ मध्ये.

‘देशासाठी पदक आणणाऱ्याशी असं वागले?’ हे वाचताना मी चिडून म्हणालो. मग माझंच वाक्य मला टोचलं. पदक नसतं, तर चाललं असतं?

आज बर्लिनच्या ऑलिम्पिक स्टेडियमजवळच्या रस्त्याला फ्लाटोंचं नाव आहे. त्याच छावणीत मेलेल्या, कधी बारला हातही न लावलेल्या एकाचंही नाव मला सांगता येत नाही.